रांगेतल्या बाभळी

म्हस्कू शेंडगे कॉलेजात कामाला लागला तेव्हा कॉलेजला भिंती होत्या, छप्पर नव्हतं. शिरूरपासून दीड कोसावर, मांडवगण फराट्याकडे जाणाऱ्या वाटेवरचा तो माळ. मुरूम, दगड, हिवराची चार झाडं, बोरीची झुडपं आणि मधूनमधून तरवड. त्या जमिनीत हुलगासुद्धा धड येत नव्हता, म्हणून तर लोकांनी ती संस्थेला एवढ्या उदार मनानं देऊन टाकली. देणाऱ्याचं काय जातंय! पुढाऱ्यांची भाषणं झाली, टाळ्या झाल्या, नारळ फुटले आणि बासष्ट साली पाया खणला गेला.

म्हस्कू धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा, कोकणात जायचं, आणि पाऊस तोंडावर आला की परत वर यायचं, हे बापजाद्यांपासून चाललेलं. त्यात काही समजून घ्यायचं नसतं, नुसतं चालायचं असतं. पण एका वर्षी घाट उतरताना बायको बानूबाई डोक्यावरच्या ओझ्यासकट घसरली. गुडघा फिरला. हाडवैद्यानं बांधला तो वाकडाच बसला. पुढे दोन वर्षं ती तशीच लंगडत मेंढरांमागं चालली, आणि मग एके दिवशी भांडगावच्या शिवारात वाटेच्या कडेला बसली ती उठेचना.

"मला कुठंतरी एका जागी टाका," ती म्हणाली. "मरायला न्हाई, जगायला टाका. पर एका जागी."

म्हस्कूनं आपल्या वाट्याची मेंढरं धाकट्या भावाच्या, रखमाजीच्या हवाली केली आणि कॉलेजच्या बांधकामावर राखणीला राहिला. बांधकाम संपल्यावर प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्याच्या हातात घमेलं आणि खुरपं दिलं, म्हणाले, आता तू माळी. रोजंदारीवरचा माळी. म्हस्कूनं जन्मात झाड लावलं नव्हतं. झाडाची डहाळी आकडीनं ओढून मेंढरांना घालायची, एवढाच त्याचा झाडांशी व्यवहार. पण साहेब म्हणतात माळी, तर माळी.

साहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. इमारतीच्या मागं एक खोली बांधायला घेतली होती. "विद्यापीठाची कमिटी येईल, कॉलेजला मान्यता पक्की होईल, मग माळ्याची जागा मंजूर होते. तुला कायम करू. ही खोली माळ्याचीच."

झालं! बानूबाईनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती त्या खोलीच्या जोत्यावर जाऊन बसायला लागली. चूल कुठं, हंडा कुठं, कोंबडीचं खुराडं कुठं, तिचं सगळं ठरलं. गवंड्याला म्हणाली, खिडकी माळाकडं ठेव बाबा, भिंतीकडं ठेवून काय बघू मी? गवंड्यानंही खिडकी माळाकडं ठेवली.

त्रेसष्टच्या पावसाळ्यात वनमहोत्सव झाला. पुण्याहून ट्रक भरून रोपं आली. गुलमोहर, निलगिरी, अशोक, सिल्व्हर ओक, निळ्या फुलांचं कसलंसं एक. दोनशे खड्डे, पंधरा-पंधरा फुटांवर, दोरी धरून आखलेले. एकेका खड्ड्याशी एकेक पाहुणा उभा राहिला, हातभर लांबून माती लोटली, फोटो निघाला. प्रत्येक खड्ड्याजवळ पत्र्याची पाटी ठोकली, तिच्यावर झाडाचं नाव आणि लावणाऱ्या पाहुण्याचं नाव. जाताना साहेबांनी म्हस्कूला बजावलं, "एकही खड्डा रिकामा दिसता कामा नये. कळलं?"

"कळलं," म्हस्कू म्हणाला. आता हे त्याला खरंच कळलं होतं, आणि घोटाळा तिथंच झाला.

उन्हाळ्यात विहीर आटली. साहेब पडले साताऱ्याकडचे, सुट्टीत घरी गेले आणि तिथून पत्रं पाठवू लागले की झाडांना रोज पाणी घालणे. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं? म्हस्कू आणि बानूबाई, ती तसल्या पायानं, घोडनदीवरून गाढवावर पाणी आणत होती. दोनशे तोंडांना ते कुठं पुरणार! आधी अशोक गेले, मग ती निळ्या फुलांची. जूनच्या तोंडाशी म्हस्कूनं मेंढरं मोजतात तशी विसाविसांनी झाडं मोजली. आठ विसा आणि अकरा मेली होती.

म्हस्कूची पाचावर धारण बसली. रिकामा खड्डा दिसता कामा नये म्हणाले होते साहेब, आणि इथं सगळा माळच रिकामा. त्यानं दोन दिवस विचार केला. मग उठला आणि चालत रखमाजीच्या वाड्यावर गेला. वाडा म्हणजे मेंढरांचा तळ, शेतात वाघूर, म्हणजे जाळी, लावून रात्री मेंढरं कोंडतात तो. त्या दिवसांत मेंढरं बाभळीच्या शेंगा खातात. शेंग पचते, बी पचत नाही, ते लेंडीतून जसंच्या तसं पडतं. आणि झाडावरनं पडलेलं बी उगवेल न उगवेल, पण मेंढराच्या पोटातनं आलेलं बी उगवल्याशिवाय राहत नाही, हे धनगराच्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. म्हस्कूनं पोतंभर लेंड्या आणल्या. थोडं हिवराचं बी घेतलं, थोड्या निंबोळ्या घेतल्या. शेणाच्या पाण्यात रात्रभर भिजवलं, आणि मृगात एकेका खड्ड्यात तीन-तीन बिया टोकल्या. खड्डे भरले. साहेबांची आज्ञा पाळली गेली.

बाभळी अशा वर आल्या म्हणता, की विचारू नका. ना पाणी मागितलं, ना सावली. पंधरा-पंधरा फुटांवर, दोरीत, एकेक पाहुण्याच्या पाटीशेजारी. गुलमोहराची पाटी, त्यावर कुठल्याशा चेअरमनसाहेबांचं नाव आणि पाटीला काटे लावून उभी बाभूळ! साहेबांचं ऑफिस पलीकडच्या बाजूला, त्यांना लांबून हिरवं दिसत होतं, ते खूश होते. म्हस्कूला वाटलं, आपण गड जिंकला.

पासष्टच्या दिवाळीनंतर कमिटीची तारीख आली आणि इनुस तांबोळी सर वही घेऊन म्हस्कूकडे आले. सर वनस्पतिशास्त्राचे, दौंडच्या रेल्वेतल्या फिटरचे चिरंजीव, पोरसवदा आणि फार सज्जन माणूस. कॉलेजच्या आवारातल्या झाडांची यादी कमिटीपुढे ठेवायची होती. वहीत दोन रकाने आखलेले. एक, इथली मूळची झाडं. दुसरा, लावलेली.

"म्हस्कूमामा, तुम्ही नावं सांगायची, मी लिहितो."

"सांगतो की. ह्यो हिवर."

"मूळचा," म्हणत सरांनी लिहिलं. "ही बोर, मूळची. हा गुलमोहर, लावलेला. मादागास्कर बेटावरचा आहे तो."

"हितं कसा आला मग?"

"बोटीनं. आणि ही घाणेरी, हीसुद्धा परदेशी."

म्हस्कू थांबला. "घाणेरी? सर, ही कुणी लावली न्हाई. आपली आपण माजलीया."

"लावली नाही, पण इथली नाही."

"मंग कुठल्या खणात लिवणार?"

सरांनी पेन्सिल दातात धरली. मग म्हणाले, पुढं चला. पुढं ओढ्याकाठी चिंच होती, मोठी, कधीची ती कुणालाच ठाऊक नाही. सर म्हणाले, चिंच मुळात आफ्रिकेची म्हणतात. सीताफळ अमेरिकेचं. निवडुंगसुद्धा तिकडचाच. म्हस्कूचं डोकं गरगरायला लागलं. चिंच परदेशी? मग आपल्या पणज्यानं आमटीत काय घातलं? तो चिंचेखाली जन्मभर विसावलेला माणूस, त्याला आता वाटायला लागलं की आपण तरी हितलेच ना? बाप सांगायचा, आपण वरल्या अंगानं आलो. म्हणजे आपणसुद्धा दुसऱ्या खणात की काय? त्यानं सरांना तसं विचारलंही. सर हसले आणि पुढं चालू लागले.

मग ते दोघे बाभळीच्या रांगेशी आले.

सर आधी नुसते "बाभूळ, मूळची" असं लिहीत चालले. दहा झाल्यावर थांबले. मागं वळून बघितलं, पुढं बघितलं. पावलं टाकून अंतर मोजलं. पंधरा फूट. परत मोजलं, पंधरा फूट.

"मामा, बाभूळ इतक्या शिस्तीत कशी उगवली हो?"

 सरांपुढं खोटं बोलवेना, म्हस्कूनं सगळं सांगून टाकलं. मेलेली रोपं, रखमाजीचा वाडा, लेंड्या, सगळं. सर आधी पोट धरून हसले. मग त्यांचं हसणं थांबलं. वहीकडे बघत ते तिथंच एका दगडावर बसले.

"मूळचीही खरी आणि लावलेलीही खरी," ते म्हणाले. "आता मी काय लिहू? आणि साहेबांनी कमिटीला कळवून ठेवलंय, दोनशे रोपं जगली म्हणून."

"माझं काय हुईल सर?"

"तुम्ही कुणी विचारलं तर खरं ते सांगा. खरं सांगणाऱ्याचं वाईट होत नाही." वय किती सरांचं? सव्वीस. त्या वयात माणसाला असं वाटतं.

ही गोष्ट साहेबांच्या कानी गेली. साहेब तणतणत माळावर आले, पाट्या वाचत एक चक्कर मारली, आणि त्यांचा चेहरा पडला. आठ दिवसांवर कमिटी. बाभळी उपटाव्यात तर खड्डे उघडे पडणार, ठेवाव्यात तर कॉलेजचं रान झालेलं दिसणार. शेवटी त्यांनी पाट्या तेवढ्या काढायला लावल्या. म्हणाले, "म्हस्कू, तू तोंड उघडायचं नाही. कुणी विचारलंच, तर सांग, आपोआप उगवल्यात. तू काही केलेलं नाहीस. कायम व्हायचंय ना तुला?"

संध्याकाळी म्हस्कूनं बानूबाईपुढं सगळं मांडलं. सर म्हणतात खरं सांग, साहेब म्हणतात उगवल्या सांग. शेंडा ना बुडखा. बरं, उगवल्या हे तरी खोटं कुठाय? उगवल्याच की त्या.

"त्यात इचार काय करायचा?" बानूबाई म्हणाली. "सरांच्या हातात वही हाय. खोली सायबांच्या हातात हाय. सायेब म्हणत्यात तसं म्हणा."

"पर मी टोकल्यात गं त्या."

"मंग टोकल्या म्हणून मिरवायचंय का आता? मला खोली पायजे. मला त्या ओझ्याच्या घोड्यामागं परत चालवायचं आसंल तर सांगा, हितंच नदीत उडी घेते." ती हे रागानं बोलली, आणि मग गुडघा चोळत रडायला लागली.

कमिटी आली. तिघंजण होते. दोघांनी ग्रंथालय बघितलं, प्रयोगशाळेतल्या काचा मोजल्या, जेवण चांगलं झालं. तिसरे म्हातारे प्रोफेसर होते, हातात छत्री, डोक्यावर गोल टोपी. ते जेवण होताच कुणाला न विचारता माळावर निघाले. साहेब त्यांच्या मागं, सर साहेबांच्या मागं, आणि म्हस्कू लांब हात जोडून उभा. म्हातारे बाभळीपाशी थांबले. छत्रीच्या टोकानं बुंध्याजवळची माती उकरली. दुसरीकडे गेले, तिसरीकडे गेले.

"कुणी लावल्या?" त्यांनी विचारलं.

साहेब काही बोलायच्या आत म्हातारे म्हस्कूकडेच वळले. "तुम्ही माळी ना? कुणी लावल्या?"

 साहेबांचे डोळे म्हस्कूवर, सरांचे डोळे त्याच्यावर. खोलीच्या खिडकीत बानूबाई उभी होती, तिचेही डोळे त्याच्यावरच. त्याला मेंढरांचं एक ठाऊक होतं, दोन्हीकडून हाकललं की मेंढरू मधल्या मध्ये उडी मारतं. त्यानंही मारली.

"सायेब, आमचं सायेब म्हणत्यात उगवल्या. सर म्हणत्यात खरं सांग. आता खरं म्हंजी आसं हाय, की बी मेंढरांनी खाल्लं, मी त्ये टोकलं, आन् उगवल्या त्या आपल्या आपण. ह्यात लावल्या कुणी, त्ये मला दोन वर्सं कळंना झालंय. तुम्ही शिकल्याली मानसं, तुम्हीच काय त्ये ठरवा."

 साहेबांनी डोळे मिटले. मग तो म्हातारा प्रोफेसर असा काही हसला, की त्याची टोपी पडायची राहिली. त्यानं म्हस्कूला जवळ बोलावलं. लेंडीतलं बी कसं निवडलं, किती भिजवलं, किती खोल टोकलं, किती मेलं, किती जगलं, अर्धा तास विचारत बसला. शेवटी साहेबांना म्हणाला, "अहो, या दगडात गुलमोहर लावत बसलात तर दहा वर्षं पाणी वाहाल. हे काम उत्तम झालंय."

"आमचा प्रयोगच आहे तो," साहेब म्हणाले. पापणीसुद्धा लवली नाही!

दीड महिन्यानं पुण्याहून कागद आला. मान्यता पक्की. वर दोन ओळी खास लिहिलेल्या, की आवारातली स्थानिक वृक्षांची लागवड वाखाणण्यासारखी आहे. साहेबांनी ते पत्र काचेत लावलं. सरांनी वहीत तिसरा रकाना आखला आणि बाभळी तिथं लिहिल्या. म्हस्कूला पेढा मिळाला. बानूबाईनं खोलीची जमीन सारवली, कोनाड्यात देव ठेवले आणि रखमाजीला सांगावा धाडला, की आता आमची वाट बघू नका.

मान्यता मिळाली म्हणून माळ्याची जागा मंजूर झाली. जागा मंजूर झाली म्हणून संस्थेच्या बोर्डानं नियम केला. आणि नियमात लिहिलेलं होतं, कायम माळी किमान चौथी पास पाहिजे. झाडांची नोंदवही त्यानं ठेवायची, म्हणून.

साहेबांनी म्हस्कूला बोलावून हे सांगितलं. साहेब काही राक्षस नव्हते, सांगताना त्यांनाही अवघड झालं, ते टेबलावरचे कागद इकडचे तिकडे करत राहिले. इनुस सर शेजारीच उभे होते. मी सहा महिन्यांत शिकवतो यांना, सर तावातावानं म्हणाले. साहेब म्हणाले, दाखला शाळेचा लागतो, आणि एक तारखेच्या आत लागतो. जागा भरली नाही तर रद्द होते.

म्हस्कूला वाटलं, आपलं ऐकण्यात काही चुकतंय. "सायेब, झाडं माझी पास झाली ना?"

"झाली."

"मंग मी नापास कसा?"

साहेब पुन्हा कागद चाळू लागले आणि सर बाहेर निघून गेले.  म्हस्कूला खरोखरच कळत नव्हतं. त्यानं मनात सगळं पुन्हा पहिल्यापासून लावून बघितलं. बाभळी उगवल्या नसत्या तर साहेबांनी हाकललं असतं, ते समजतं. बाभळी उगवल्या, नाव झालं, म्हणून जागा आली आणि जागा आली म्हणून आपण गेलो. याला काय म्हणावं?

एक तारखेला नवा माळी आला. मच्छिंद्र त्याचं नाव, दौंड स्टेशनच्या बागेत कामाला असलेला, बायकापोरांचा माणूस, चौथी पास. म्हस्कूनं त्याच्यावर डूख धरावा असं त्याच्यात काही नव्हतं. "मामा, मला ह्यातलं काय बी कळत न्हाई," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "आमच्याकडं कर्दळ आन् मेंदीचं कुंपण. हिवर कुठला आन् बाभूळ कुठली, मला तर सारखीच दिसत्यात. तुम्ही सांगा, मी लिवून घेतो."

आठ दिवस म्हस्कू त्याला घेऊन माळभर हिंडला. हिवराचं खोड कसं फिकट, काटा कसा. कडुनिंबाला वाळवी कधी लागते. जे एकोणतीस गुलमोहर जगलेत, त्यांना एक दिवसाआड पाणी, पण बाभळीला आता थेंब नको. मेंढरं कधी आत सोडायची नाहीत आणि कधी सोडली तरी चालतील. लेंडीतलं बी कसं निवडायचं. मच्छिंद्र पटकन बसायचा आणि वहीत लिहायचा. वही भरत आली. तरी म्हस्कू बोलायचा थांबला नाही.

नवव्या दिवशी सकाळी रखमाजी घोडं घेऊन आला. कोनाड्यातले देव बानूबाईनं फडक्यात बांधले. हंडा, तवा, घोंगडी, दोन कोंबड्या, एवढाच संसार, तो घोड्यावर चढायला कितीसा वेळ लागतो! पाठीवर जागा उरली नाही. बानूबाई काठी घेऊन उभी राहिली.

"सगळं सांगितलंत त्याला?" तिनं विचारलं.

"व्हय."

"सगळं?"

"सगळं."

"काय मानूस हाय ह्यो!" ती कडाडली. "आवं, एक तरी गोष्ट राखून ठेवायची! दोन म्हयन्यांत झाडं सुकली आसती, आला आसता सायेब तुमच्या पाया पडत. खोली परत मिळाली आसती मला. येवढं बी सुचलं न्हाई?"

"सुचलं व्हतं गं," म्हस्कू म्हणाला.  "पयल्याच दिशी सुचलं व्हतं. पर न सांगून कसं चालंल? त्यो रोज पाणी घालीत बसला आसता. मुळं वरच राह्यली आसती, आन् उन्हाळ्यात हीर आटली की सगळ्या जाग्यावर वाळल्या आसत्या. त्या बाभळींनी काय केलंय?"

बानूबाईनं त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता आता तिच्या तोंडावर.

"आन् मी काय केलं व्हतं?" ती म्हणाली.

म्हस्कूनं घोड्यावरचं ओझं उगाच पुन्हा आवळलं. रखमाजीनं घोड्याचा लगाम ओढला आणि बानूबाई काठी टेकत मागून चालू लागली.